फॉरमॅट मारण्याआधी

आळेफाट्याहून नगरच्या दिशेने निघाले की बेल्हे मागे पडते, गुळुंचवाडी येते आणि मग आणे घाट चढून गाडी पठारावर येते. जुन्नर तालुक्याचे हे पूर्वेचे टोक. पश्चिमेला माळशेजकडे पाऊस धो धो कोसळतो आणि इथे पठारावर माणसे आभाळाकडे बघत बसतात. रंगदासस्वामींच्या यात्रेतील आमटी-भाकरीमुळे आणे हे नाव लांबवर माहीत आहे. आमची फुप्पी लग्न होऊन इथे आली त्याला चाळीस वर्षे झाली. फुफांचा इंतकाल झाल्यापासून ती मुलाकडे आणि सुनेकडे राहते, आणि आम्ही वर्षातून दोनदा तरी तिला भेटून येतो.

या वेळी निघण्याआधीच तिचा फोन आला. आवाज चिडलेला होता. "घरातला काँप्युटर उघडत नाही. दुकानदार म्हणतो, ठेवून जा, चार दिवसांनी फॉरमॅट मारून देतो. मी नाही ठेवला. लेकी-सुनांचे शादीचे फोटो आहेत त्यात. ते मी कुणाच्या दुकानात चार दिवस ठेवू?"

प्रश्न फक्त फोटोंचा नव्हता. फुफा दर जुम्याला सूरह यासीन मोठ्याने पढत. एका रमजानमध्ये मुलाने ते मोबाइलवर रेकॉर्ड करून संगणकात टाकून ठेवले होते. तो मोबाइल पुढे पाण्यात पडला. म्हणजे मरहूम फुफांचा आवाज आता या एकाच डब्यात होता आणि हा डबा फॉरमॅट करायचे घाटत होते.

अशी वेळ आपल्या पुष्कळ घरांत येते. म्हणून जे आम्ही आण्यात केले ते सविस्तर सांगतो. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. लागतो एक आठ जीबीचा पेन ड्राइव्ह, एक चालू संगणक, नक्कल घ्यायला दुसरी रिकामी डिस्क आणि थोडा सब्र.

आधी दुखणे काय होते ते सांगतो. बटण दाबले की कंपनीचे चिन्ह येई, ठिपके गोल गोल फिरत, पडद्यावर 'स्वयंचलित दुरुस्ती' अशा अर्थाची ओळ येई आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दिवसभर ठेवला तरी तेच. विंडोजचे अपडेट चालू असताना वीज गेली होती, आणि त्यानंतर हे सुरू झाले. आमच्या मते दुकानदाराचे निदान चुकीचे नव्हते. विंडोज उडाले होते. नवीन टाकावे लागणार होते. पण त्याने एक गोष्ट विचारली नाही: आत जे आहे त्याचे काय?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'सी ड्राइव्ह फॉरमॅट करू, डी ला हात लावणार नाही' असे दुकानात सांगतात आणि आपण निर्धास्त होतो. पण आपण जे डेस्कटॉपवर ठेवतो, 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' मध्ये ठेवतो, ते सगळे साधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असते. समोर पडद्यावर दिसते म्हणून ते वेगळे कुठे तरी आहे असे वाटते, इतकेच. फुप्पीच्या घरी तर सगळे डेस्कटॉपवरच होते.

विंडोज उडाले म्हणजे फाइली उडाल्या असे नाही. घराच्या दाराचे कुलूप बिघडले तरी आतले सामान जागेवरच असते. दुसऱ्या दाराने आत जाता आले की काम झाले. हे दुसरे दार म्हणजे संगणक आतल्या हार्ड डिस्कवरून सुरू न करता बाहेरच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करणे.

ते कसे शक्य होते? बटण दाबल्यावर पहिल्यांदा विंडोज जागे होत नाही. मुख्य पाटीवरच्या एका लहानशा चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. जुन्या संगणकात त्याला बायोस म्हणत, आता बहुतेक ठिकाणी यूईएफआय असते. तो आधी स्वतःची तपासणी करतो: मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, पडदा आहे का. मग तो शोधतो की पुढचे काम कुणाकडे सोपवायचे. त्यासाठी त्याच्याकडे एक क्रम ठरलेला असतो. पहिल्या जागी हार्ड डिस्क असेल तर तिथे विचारतो. तिथे काही मिळाले नाही तर दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. उपमा थोडी धाडसाची आहे, पण जमातीत इमामसाहेब आले नाहीत तर सफमधला जाणता माणूस पुढे होतो आणि नमाज होते, तसेच हे आहे. आपल्याला एवढेच करायचे असते की त्या एका वेळेपुरते संगणकाला सांगायचे, आज पुढे पेन ड्राइव्हला येऊ दे.

हे काही नवीन खूळ नाही. उलट हीच जुनी रीत आहे. आयबीएमचा पहिला पर्सनल काँप्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी घालायची, तिच्यावरून डॉस सुरू व्हायचे, मग काम करायचे. हार्ड डिस्क घेऊन येणारे त्यांचे मॉडेल १९८३ मध्ये आले. आमच्या पिढीतल्या अनेकांनी संगणकाच्या क्लासमध्ये आधी फ्लॉपी आत सरकवली आहे, मग बटण दाबले आहे.

त्या फ्लॉप्यांनी एक बला पण आणली. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो बसत असे फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे संगणक जागा होताना जो भाग सर्वांत आधी वाचतो तिथे. गंमत म्हणजे त्यात त्या भावांनी आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. त्यानंतर १९९० च्या सुमारास भारतात 'जोशी' नावाचा त्याच जातीचा व्हायरस सापडला. दर ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. हे जोशी कोण, ते काही कळले नाही. १९९२ मध्ये मायकेलअँजेलो गाजला, तो मात्र थट्टेचा नव्हता. ६ मार्चला तो डिस्कवरची माहिती पुसून टाकी. हे सगळे पसरत कसे? रात्री संगणक बंद करताना फ्लॉपी आतच विसरायची आणि सकाळी संगणक आधी तिच्यावरूनच सुरू व्हायचा.

इलाज सुद्धा त्याच वाटेने होता. एक स्वच्छ फ्लॉपी, जिच्यावर लिहिण्याची खाच बंद केली आहे, ती घालून संगणक सुरू करायचा, म्हणजे आतला व्हायरस जागाच होत नाही, आणि मग साफसफाई करायची. आपल्या पुणे जिल्ह्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करणारे कैलाश काटकर आणि संगणक शिकलेले त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांवरचे व्हायरस काढता काढता स्वतःचे सॉफ्टवेअर तयार केले. १९९५ मध्ये ते 'क्विक हील' या नावाने विक्रीला आले. फक्त डॉससाठी होते. आजही त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आपत्कालीन डिस्क' बनवण्याची सोय असते. विंडोज सुरूच होत नसेल तर त्या डिस्कवरून संगणक चालू करून तपासणी करता येते. ती सोय म्हणजे त्या स्वच्छ फ्लॉपीचीच नात म्हणायची.

पुढे सीडी आली. सन २००० मध्ये जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी 'क्नॉपिक्स' काढले. एका सीडीवर पूर्ण लिनक्स, त्यात लिहायचे, बघायचे, ऐकायचे प्रोग्राम, आणि हार्ड डिस्कला हातही न लावता सगळे मेमरीत चालायचे. सीडी काढली, संगणक बंद केला, की मागे काही खूण नाही. याला 'लाइव्ह' म्हणतात. आज हेच पेन ड्राइव्हवर होते आणि जास्त वेगाने होते.

आता आण्याला परत येऊ.

फुप्पीची नात अकरावीला आहे. तिने आम्ही येण्याआधीच मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली होती. तीन जीबीच्या आसपासची फाइल, पठारावरच्या नेटवर्कवर, तिला दोन रात्री लागल्या. पण तो पेन ड्राइव्ह लावून संगणक काही सुरू होईना. बिचारी हिरमुसली होती. चूक लहानच होती आणि जवळपास सगळ्यांकडून पहिल्यांदा होते. उतरवलेली फाइल, जिच्या नावाच्या शेवटी 'आयएसओ' असते, ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. तांदळाचे पोते स्वयंपाकघरात आणून ठेवले म्हणजे बिर्याणी झाली असे नाही. ती फाइल एका वेगळ्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर 'लिहावी' लागते. विंडोजवर त्यासाठी 'रूफस' नावाचा लहानसा मोफत प्रोग्राम आहे. त्यात वर पेन ड्राइव्ह निवडायचा, खाली आयएसओ फाइल निवडायची, बाकी आहे तसे ठेवून सुरू करायचे. पेन ड्राइव्हवर आधी जे असेल ते सगळे पुसले जाते. म्हणून आधी तो रिकामा आहे याची खात्री करावी, नाही तर एक वाचवायला जाऊन दुसरे गमवायचे. 'व्हेंटॉय' नावाचा दुसरा प्रोग्रामही आहे. तो पेन ड्राइव्हवर एकदा बसवला की मग मात्र आयएसओ फाइल नुसती कॉपी केली तरी चालते. आमच्या लॅपटॉपवर आम्ही रूफस वापरले. दहा मिनिटे लागली.

मग तो पेन ड्राइव्ह फुप्पीच्या संगणकाला मागच्या बाजूने लावला. पुढच्या बाजूच्या जागा कधी कधी सैल झालेल्या असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. बटण दाबल्याबरोबर आम्ही एफ १२ ची कळ टपटप दाबत राहिलो आणि चौथ्या-पाचव्या वेळी नेमकी वेळ साधली. पडद्यावर छोटी यादी आली: हार्ड डिस्क, आणि पेन ड्राइव्हचे नाव दोनदा, एकदा नुसते आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेले. यूईएफआयवाले निवडले.

कोणती कळ दाबायची हे यंत्रानुसार बदलते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपना एफ १२, एचपीला एफ ९ किंवा आधी एस्केप, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि असूसच्याच मुख्य पाटीवर बांधलेल्या संगणकाला एफ ८. एसरला एफ १२ असते, पण काही मॉडेलमध्ये ही यादी आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. फार जुने, म्हणजे २०१२ च्या आधीचे यंत्र असेल तर यूईएफआय नसलेली ओळ निवडावी. आणि ज्याचे विंडोज अजून चालू आहे त्याने संगणक बंद करताना शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' म्हणावे. नुसते बंद केले तर विंडोज अर्धवट झोपते, पूर्ण बंद होत नाही, आणि मग बाहेरून आलेल्याला डिस्क नीट उघडू देत नाही.

मिनिटभराने पडदा उजळला आणि मिंटचा डेस्कटॉप समोर आला. फुप्पी म्हणाली, "हा आपला काँप्युटर नाही." एका अर्थाने तिचे खरेच होते. तिच्या संगणकात त्या घडीला दुसऱ्याचे राज्य होते.

त्या डेस्कटॉपवर एक चिन्ह असते, 'इन्स्टॉल' असे लिहिलेले. त्याला हात लावायचा नाही. चुकून पुढे पुढे 'हो' म्हणत गेलात तर ते हार्ड डिस्क पुसून तिथे स्वतःच बसेल. नातीला आम्ही हे तीनदा सांगितले, तिसऱ्यांदा ती वैतागली. पण ही एकच जागा आहे जिथे खरे नुकसान होऊ शकते.

डावीकडे फाइलींचे दालन उघडले. त्यात हार्ड डिस्क दिसली, सी आणि डी नावाने नाही, तर आकाराने. त्यातला मोठा तुकडा उघडला. 'डिस्क फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही' अशा अर्थाची सूचना आली. अपडेट मध्येच तुटले असले की असे होते. आपल्याला वाचायचेच आहे, त्यामुळे चिंता नाही, उलट बरेच. आत 'यूजर्स' नावाचा फोल्डर, त्यात मुलाच्या नावाचा, त्यात डेस्कटॉप. नातीने तो उघडला आणि फोटोंची छोटी छोटी चित्रे एकामागून एक दिसू लागली. निकाहची, हळदीची, बाळाच्या अकीक्याची. फुप्पीने ओढणी सावरली आणि आमच्या लेकाला बाहेर जाऊन बसायला सांगितले. बायकांच्या खोलीतले फोटो होते. पुढचे काम नातीनेच केले, आम्ही दाराशी बसून नुसते सांगत राहिलो. हे मुद्दाम लिहितो. घरातल्या मुलीला हे एवढे काम येत असेल तर घरातली अमानत घरातच राहते.

बाहेरची डिस्क लावून ३८ जीबीची नक्कल सुरू केली. एरवी जुन्या यूएसबीवरही एवढ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. इथे तो आकडा मध्येच थबकायचा, पुन्हा चालायचा. म्हणजे हार्ड डिस्कसुद्धा थकली होती, दुखणे नुसत्या विंडोजचे नव्हते. मिंटमध्ये डिस्कची तब्येत तपासण्याचे साधन असते. त्यात खराब झालेल्या भागांची संख्या दिसली. अशा वेळी डिस्कवर उगाच शोधाशोध करत बसू नये. जे सर्वांत मोलाचे ते आधी काढून घ्यावे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर तेही करू नये. तिथे थांबावे आणि माहिती परत मिळवण्याचे काम करणाऱ्या जाणकाराकडे जावे. ते काम महाग असते हे खरे.

आम्ही नक्कल थांबवली आणि आधी फुफांचा आवाज शोधला. डेस्कटॉपवर नव्हता. संगीताच्या फोल्डरमध्येही नव्हता. मुलाला कामावर फोन केला, त्यालाही आठवेना. शेवटी 'न्यू फोल्डर' नावाच्या आत आणखी एका 'न्यू फोल्डर'मध्ये तारखेच्या आकड्यांचे नाव असलेली एक फाइल मिळाली. नातीने ती आधी बाहेरच्या डिस्कवर घेतली, मग आमच्या लॅपटॉपवर, आणि मग वाजवली. खोलीत फुफांचा आवाज भरला. मागे कुठे तरी कुकरची शिटी होती, तीही रेकॉर्ड झालेली. फुप्पी काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव."

फोटोंची नक्कल पुन्हा सुरू केली आणि वीज गेली. घरात इन्व्हर्टर आहे, पण संगणक त्याच्यावर जोडलेला नव्हता. लाइव्ह पेन ड्राइव्हचे हे एक बरे असते, वीज गेली तरी बिघडायला त्यात फारसे काही नसते. वीज आली, पुन्हा एफ १२, पुन्हा तेच. अर्धवट राहिलेली फाइल तेवढी परत घ्यायची. अस्रनंतर सुरू केलेले काम इशाच्या आधी आटोपले. सगळे मिळाले असे नाही. वलीम्याच्या चार व्हिडिओंपैकी दोन उघडले नाहीत, खराब भाग नेमके तिथे होते. बाकी अल्हम्दुलिल्लाह.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या मनात टोचत राहिली आणि ती वाचकांनी समजून घ्यावी असे वाटते. फुप्पीच्या संगणकाला पासवर्ड होता. आम्हाला तो कुणी विचारला नाही, लागलाही नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू केले की विंडोजचा पासवर्ड मध्ये येतच नाही, कारण तो विचारणारा विंडोजच झोपलेला असतो. म्हणजे जे आम्ही केले तेच संगणक हातात पडलेला कुणीही करू शकतो. 'पासवर्ड टाकलेला आहे, फोटो कोण बघणार' या समजुतीला फारसा अर्थ नाही. खरे संरक्षण द्यायचे तर डिस्कवरची माहिती कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट करावी लागते. विंडोजमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये अशी सोय विकत घेतानाच चालू असते. तसे असेल तर पेन ड्राइव्हवरूनही फाइली दिसत नाहीत आणि ४८ अंकी चावी मागितली जाते. ही चावी बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. ती आजच शोधून कागदावर उतरवून निकाहनाम्याच्या फाइलीत ठेवून द्या. संगणक बिघडल्यानंतर ती शोधणे म्हणजे घर बंद झाल्यावर किल्ली आत आठवणे.

दुकानात देणेच भाग असेल तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवता येते. डेस्कटॉप संगणकात ते दोन-चार स्क्रूंचे काम आहे. पडदा किंवा पॉवर सप्लाय बिघडला असेल तर दुरुस्त करणाऱ्याला डिस्क लागतच नाही. तपासायला त्याच्याकडे स्वतःचा पेन ड्राइव्ह असतो. आणि भंगारात देताना तर डिस्क कधीच आत सोडू नये. 'डिलीट केले' म्हणून निश्चिंत होऊ नये, पुसलेलेही परत काढता येते.

आता त्या संगणकाचे पुढे काय करायचे हा प्रश्न उरला. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष देऊ केले आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा. फुप्पीचा संगणक त्याच्या पुष्कळ आधीचा. दुकानदाराने सुचवले होते की 'जुगाड करून' ११ टाकून देतो, लायसनची काळजी करू नका.

त्या 'लायसनची काळजी करू नका' वर थोडे थांबतो. आपल्याकडे चोरीचे विंडोज टाकणे इतके सर्रास झाले आहे की ते चोरीचे आहे असे कुणाला वाटतही नाही. हलाल-हरामचा विचार आपण ताटापुरता करतो. इस्लामी फिकह अकादमीने, म्हणजे इस्लामी देशांच्या संघटनेच्या जेद्दाहमधील फिकह संस्थेने, १९८८ मध्येच कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला की लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीयतच्या दृष्टीने संरक्षित आहेत आणि त्यांचे उल्लंघन करता येणार नाही. तपशिलाचा प्रश्न असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. पण जे मोफत आणि उघड परवानगीने मिळते ते समोर असताना चोरीचे कशाला, एवढे तर आपल्यालाही कळते. लिनक्स मिंट, उबंटू हे सगळे वाटायला, वापरायला, दुसऱ्याला द्यायला खुले आहे. आपल्या देशाचे 'बॉस' नावाचे लिनक्स सी-डॅकने २००७ मध्ये काढले, भारतीय भाषांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यातच आहे.

२००७ च्याच सुमारास 'उबंटू मुस्लिम एडिशन' नावाचे लिनक्सही आले होते. पुढे त्याचे नाव 'सबीली' झाले. डीव्हीडी घातली की संगणक सुरू, आणि आत नमाजच्या वेळा सांगणारा प्रोग्राम, कुरआन वाचण्यासाठी 'झिक्र', मुलांसाठी वाईट संकेतस्थळे अडवण्याची सोय, सगळे तयार. २०११ नंतर ते काम थांबले. जुनी डीव्हीडी कुणाकडे असेल तर आठवण म्हणून ठेवावी, वापरू नये, कारण इतक्या वर्षांत सुरक्षेचे काहीच अपडेट त्याला मिळालेले नाहीत. आजच्या मिंटमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड आपण स्वतः चालू करू शकतो. नातीने मराठीचा चालू केला, आम्ही उर्दूचा.

लिनक्स म्हणजे गरिबाचे, असा एक सूर घरात निघाला. फुप्पीच्या मुलाचा. त्याला आम्ही खोडदची आठवण करून दिली. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. त्या तबकड्यांकडून येणारे संकेत जुळवण्यासाठी २०१० च्या सुमारास जी सॉफ्टवेअर यंत्रणा उभी केली ती लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या समूहावरच. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असते, तालुक्यातल्या शाळा जातात. मुलगा म्हणाला, ते ठीक, पण माझे टॅलीचे काम त्यात होईल का? त्याचा मुद्दा बरोबर होता. ज्याच्या पोटाचे काम विंडोजच्याच प्रोग्रामवर आहे त्याने लिनक्सच्या नादी लागू नये, रीतसर विंडोज घ्यावे. त्याचे काम त्याच्या कामाच्या लॅपटॉपवर होते, घरचा संगणक मुलांच्या अभ्यासाचा होता. म्हणून प्रश्न सुटला.

ठरले असे. जुनी हार्ड डिस्क काढून फुप्पीच्या कपाटात, कागदात गुंडाळून. तिच्या जागी नवीन एसएसडी बसवायची, पैसे जमतील तेव्हा. तोपर्यंत संगणक पेन ड्राइव्हवरूनच चालेल. त्यात एक अडचण होती. लाइव्ह पेन ड्राइव्हवर केलेले काम बंद करताना पुसले जाते. रूफसमध्ये पेन ड्राइव्ह बनवताना थोडी जागा 'कायम साठवणुकीसाठी' राखून ठेवता येते. आम्ही ३२ जीबीचा दुसरा पेन ड्राइव्ह घेऊन तसा बनवून दिला. हार्ड डिस्कपेक्षा संथ चालतो आणि रोज झिजतो, त्यामुळे त्यावर महत्त्वाचे काही ठेवायचे नाही, हे नातीला सांगितले. तिने आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मधले मराठीतले धडे उतरवून घेतले आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे, लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे. एक धडा बघायचा, थांबवायचा, शेजारी करून बघायचे.

फोटोंच्या आता दोन नकला आहेत. एक फुप्पीकडे, एक तिच्या लेकीकडे नारायणगावला. सूरह यासीनच्या मात्र पाच झाल्या, कारण निघताना प्रत्येकाने ती मागून घेतली. मिंटचा पहिला पेन ड्राइव्ह फुप्पीने टीव्हीच्या वर खिळ्याला टांगला आहे, किल्ल्यांच्या शेजारी. मागच्या आठवड्यात नातीचा फोन आला होता. शेजारच्यांचा लॅपटॉप सुरू होत नाही, त्यांच्या मुलाचे बारावीचे प्रोजेक्ट आत आहे, आणि एचपीला कोणती कळ असते ते ती विसरली होती.